स्क्रीन इकडं फिरवा!

माझं हसं झालं ते घरातल्या घरात नाय झालं. टेंपोभर बायका नेऊन, भर कचेरीत मी ते करून घेतलं! चहा खाली ठेवा आणि ऐका.

माझ्या प्राजूला कॉलेजच्या प्रवेशासाठी रहिवासी दाखला पायजे होता. ऑनलाइन अर्ज केला. महिना उलटला तरी दाखला नाय, आणि शेवटची तारीख परवावर आली. पोरगी रडकुंडीला आली. आमच्या बचत गटातल्या दहा जणींचे अर्जपण असेच अडकलेले.

माझं टाळकंच सरकलं! "मुद्दाम अडवतात गं! चला खालापूरला, तहसील कचेरीत!"

आमच्या कुंभिवलीवरनं टेंपो केला आणि अकराजणी थेट खिडकीवर.

"अहो, एकेकीनं बोला," खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या.

"सगळ्या बोलणार! अर्ज कुणी दाबून ठेवलाय? नाव सांगा!"

"ते पोर्टलवर दिसतं."

"मग स्क्रीन इकडं फिरवा! सगळ्यांना दिसू द्या. लपवायचं नाय!"

मॅडमनी फिरवली. आमच्या सुषमानं मोठ्यानं वाचलं, "अर्जदाराकडे प्रलंबित. फोटो अस्पष्ट. पाच वेळा मेसेज पाठवला."

"खोटं! एकपण मेसेज आला नाय!"

मॅडमनी मेसेज दाखवला. 'अर्जात त्रुटी आहे, लिंक उघडा.'

"वहिनी," सुषमा म्हणाली, "ह्यो तर तुमी सांगितलेला फ्रॉड!"

सांगितलेला कसला! एकेकीच्या दारात जाऊन, तिचा मोबाइल हातात घेऊन, मीच तो नंबर ब्लॉक केलेला. उन्हातान्हात फिरले हो! आणि अर्जाचे फोटो? तेपण मीच काढलेले, सगळ्यांचे.

फोटो तिथंच नवे काढून जोडले, प्राजूचा घरनं मोबाइलवर मागवला. दुसऱ्या दिवशी दाखला आला, प्राजूचा प्रवेश झाला, ते सोडा. पण मी काय मान खाली घालणारी हाय? तिथंच मॅडमना ठणकावलं, "बँकवाले म्हणतात लिंक उघडू नका, तुमी म्हणता उघडा. माणसानं करायचं काय? खरा मेसेज कुठला, ते बाहेर बोर्डावर लिहा!"

"बरोबर आहे तुमचं," म्हणत त्यांनी अभिप्रायाचा फॉर्म उघडून दिला. "इथं लिहा."

लिहिलं की! चांगलं खडसावून लिहिलं. शेवटी एक रकाना आला: 'विलंबास जबाबदार व्यक्तीचे नाव.'

तो मी गुपचूप रिकामा सोडत होते. तेवढ्यात मागनं दहाजणी एका सुरात ओरडल्या,

"वहिनी, लपवायचं नाय!"