भिंतीपलीकडचे झिंगे

पंचफुलाबाई आमच्याकडे भाड्याने राहायला आली तेव्हा लातूर वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तिचा मुलगा रामकिशन नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई लागला, म्हणून निलंग्याकडचं गाव सोडून माय, पोरगा आणि सून नागाबाई अशी तिघं आली. आम्ही लिंगायत. खोली दाखवतानाच मी सांगितलं, "बाई, ह्या अंगणात मास-मच्छी शिजणार न्हाई."

"हाव अव्वा. शब्द दिला."

तो तिने वर्षभर पाळला. मग दुष्काळ पडला, आणि त्याच साली नागाबाईला दिवस गेले. सातव्या महिन्यात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, फार कमी आहे, असंच राहिलं तर बाळंतपण हिला झेपायचं नाही. गोळ्या दिल्या. पण पोरीच्या पोटात ना गोळी ठरे, ना भाकरी. बाजारात अंडं नुसतं दिसलं तरी उलटी.

पंचफुला दवाखान्यातून आली ती चूल न पेटवताच बसून राहिली. मग म्हणाली, "नागे, काय खावंसं वाटतंय ते तरी सांग."

"झिंगे, आत्याबाई," सून म्हणाली, आणि मी समोर दिसताच तिने पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी पंचफुला गंजगोलाईच्या बाजारात जाऊन आली. नद्याच आटलेल्या, ताजे झिंगे कुठून मिळणार? एका भोयाच्या बाईकडे वाळलेले मिळाले, ओंजळभर, त्यातही बरीच रेती.

त्यांना तीनदा पाण्यातून काढावं लागतं म्हणे. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा आणि घरटी दोन हंडे मिळायचे. ते पाणी काही ती रेतीवर घालणार नव्हती. तिने झिंगे हातावर चोळून डोकी-मिशा मोकळ्या केल्या आणि सूप घेतलं. पाखडताना वाऱ्याकडे पाठ करायची, हे तिच्या हाडात मुरलेलं, रानातल्या खळ्यावर जन्म गेला होता तिचा. पण खळ्यावर पुढे मोकळं रान असतं. इथे पुढे माझी बाज होती, आणि बाजेवर ओल्या कुरडया.

मी बाहेर आले तर पांढऱ्या कुरडयांवर मिशाच मिशा. तीन दिवस गहू भिजवला होता मी, दुष्काळातल्या पाण्यात.

"पंचफुले, शब्द दिला होतास ना?"

"शिजवायचा न्हाई म्हणून दिला होता अव्वा. पाखडायचं तुमी बोलला न्हाईत."

"खोली रिकामी कर."

"करते. पोरगी बाळंत झाली की करते. पण आज हे तिच्या पोटात जाणार."

आमचे मालक ओसरीवर विभूती लावत बसले होते. तिथूनच म्हणाले, "एक साल कुरडया न्हाई खाल्ल्या तर मी काय मरत न्हाई." मला त्यांचाही राग आला.

पंचफुलाने तीन दगड उचलले आणि भिंतीपलीकडच्या रिकाम्या जागेत चूल मांडली. मी बघणार नव्हते. पण भिंत कमरेएवढीच.

कोरड्या तव्यावर तिने झिंगे भाजले. मी पदर नाकाला लावला. मग चमचाभर तेल, ठेचलेला लसूण, चिमूट हळद, तिखट नावाला. कांदा नव्हता. हिरवं काही घालावं तर बाजारात पालासुद्धा नव्हता. तिने मान वर केली. माझा शेवगा भिंतीवरून तिच्या डोक्यावर झुकलेला, पाऊस नसतानाही कोवळ्या पानांनी भरलेला.

"अव्वा, फांदी माझ्याकडं आलीय."

"झाड माझ्याकडं हाय."

"मग तुमीच तोडून द्या."

मी बडबडत तोडून दिली. तिने पानं ओरबाडून तव्यात घातली, वर मूठभर शेंगदाण्याचं कूट, वाटीभर पाणी, आणि झाकण.

नागाबाईला धरून आणलं. भाकरी कुस्करून तिच्यापुढे ठेवली. पहिला घास पोरीने तोंडात धरूनच ठेवला.

"गीळ," पंचफुला म्हणाली. "मी बसले हाय इथंच."

गिळला. आम्ही वाट बघत राहिलो, ती भिंतीच्या पलीकडे, मी अलीकडे. दुसरा घास गेला. तिसरा गेला.

"आत्याबाई, अजून हाय का?"

पंचफुलाने तव्याला चिकटलेलं उलथन्याने खरवडलं आणि तेही वाढलं. थोड्या वेळाने गोळी दिली. ती पण पोटात राहिली.

"सोमवारी करू नको," मी म्हणाले.

"सोमवारी करीन का? मला काय कळत न्हाई?"

त्यानंतर दिवसाआड ती चूल पेटली. झिंगे संपले तेव्हा पंचफुला एसटीने नांदेडपर्यंत गेली आणि पिशवी भरून आली. पानं मी सकाळीच तोडून ठेवू लागले. नवव्या महिन्यात दवाखान्यात मीही सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "काय दिलंत हिला?"

"तुमच्याच गोळ्या," पंचफुला म्हणाली. बाहेर आल्यावर मी टोकलं, तर म्हणते, "डॉक्टरला बरं वाटावं की. अजून बाळंतपण त्यांच्याच हातात हाय."

मुलगी झाली, पावणेतीन किलोची, आणि नागाबाईला रक्त चढवावं लागलं नाही. चौथ्या दिवशी रिक्षा दारात थांबली. नागाबाई आपल्या पायांनी उतरून सरळ आत निघाली. पंचफुला लेकराला पदरात गुंडाळून मागून येत होती आणि सुनेवर खेकसत होती, "सावकाश चाल की गं. कुठं पळायलीस?"