चार तासांचं विमान

आमचे काका शिंपी आणि काकू त्यांच्या काज-बटणवाल्या. एकाच टेबलाशी बसून दोघांनी उभं आयुष्य काढलं. ते टीप मारणार, त्या तुरपाई करणार. लेक मात्र पार जगाच्या दुसऱ्या टोकाला. तिचे दिवस भरत आले तशी फोनवर रडायलाच लागली. "आई, मला फार भीती वाटते गं. या ना दोघं."

जायचं म्हणजे विमानाने. आणि आमचे हे दोन वीर चौथ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाकडेही जिने चढून जाणारे, लिफ्टचं नाव काढलं तरी यांना घाम फुटतो!

तिकिटं मी काढली. काकांनी चष्मा पुसून वाचलं : सकाळी दहाला निघणार, दुपारी दोनला पोहोचणार. "अगं, चारच तास! दोन पँटी शिवून होईपर्यंत पोहोचलोसुद्धा."

"अगंबाई, एवढंच?" काकू खुलल्या. "मग जाऊ या की."

मी कपाळाला हात लावला. तेरा हजार किलोमीटर, चार तासांत? अहो, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा जवळजवळ दहा तास मागे! चांगले चौदा तास हवेत लटकायचं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

मग बाहेर नेऊन म्हणाले, "मला काय अक्कल नाही होय रे? पण चौदा ऐकलं तर ती घराबाहेर पाऊल टाकायची नाही. लेक तिकडे एकटी आहे. तू आपला मूग गिळून गप्प बस."

बसलो. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला मागच्या खोलीत बोलावून घेतलं. "हे बघ, लेक सकाळी दात घासत फोन करते तेव्हा मी इथे संध्याकाळचे दिवे लावत असते. मला कळत नाही का? पण तुझे काका चार तास धरून बसलेत. खरं कळलं तर पाय गळतील त्यांचे. बोलू नकोस हं."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे हे कॉलरचे दोन पदर एकमेकांना चिकटलेले, आणि मी आपला मध्ये घातलेला कडक बक्रम! पण गेले बाबा एकदाचे. त्याच दुपारी दोन वाजले तसा मी घड्याळाकडेच बघत राहिलो. आत्ता काय चाललं असेल त्यांचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. "पोहोचलो रे! लेकीच्या पोटावर हात ठेवला तर बाळाने लाथच मारली."

"आणि विमानात?"

"दोन वाजले तेव्हा खाली नुसतं पाणी. ह्यांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, वारं उलटं असणार, होईल थोडा उशीर. मी म्हटलं, होऊ दे की. तेव्हा ह्यांनी माझा हात जो धरला, तो विमान टेकेपर्यंत सोडला नाही. लग्नातसुद्धा एवढा वेळ धरला नव्हता रे."

"आता तरी सांगून टाक त्यांना, काकू."

"छे! परत नाही का यायचं?"

तेवढ्यात काकांनी फोन घेतला. दार लोटल्याचा आवाज आला, मग ते हळूच म्हणाले, "तिला बोलला नाहीस ना?"

"नाही हो काका."

"शहाणा आहेस. फार घाबरट आहे रे ती. अख्ख्या प्रवासात हात सोडला नाही माझा."