आतून कडी

सेवकरामचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. उठला की पाणी भरायचं, डबा कॅरिअरला अडकवायचा आणि भंडाऱ्याहून वरठीच्या कारखान्याकडे सायकल मारायची. त्याच कारखान्यात मी भट्टीपाशी राबलो, आता निवृत्त आहे. रविवारी आम्ही चर्चच्या एकाच मंडळीत बसतो. कष्टाला तो कधी मागे सरला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्याच्याविषयी चांगलं सांगण्यासारखं फारसं नाही.

मंडळीत मोठ्यानं प्रार्थना करायची ती सेवकरामनंच. सुरुवात राज्यकर्त्यांपासून, मग पीकपाणी, मग आजारी, मग प्रवासातले, असं करत तो ढोरांपर्यंत यायचा. तोवर लेकरं झोपलेली असायची. दर वाक्यामागे लोक 'आमेन' म्हणायचे, आणि दर 'आमेन'मागे त्याचा आवाज चढायचा.

एका रविवारी पाळकांनी सांगितलं, रोज थोडा वेळ देवासोबत एकट्यानं बसा. खोलीत जा, दार लावा, प्रभूनंच तसं शिकवलं आहे. बाहेर आल्यावर सेवकरामचं तोंड उतरलेलं होतं.

"इश्वरभाऊ, माह्याकडे खोलीच नाही ना गा."

घरात खोल्या दोन. एकीत मुलगा आणि सून, दुसरीत हा, त्याची बायको शकुनबाई आणि स्वयंपाक.

"मंग परसात बस. मुनग्याच्या झाडाखाली," मी म्हणालो.

"मुनग्याले दार कुठी हाये?"

मला वाटलं, थट्टा करतो आहे. पण त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "पंचावन्न उलटले. मंडळीतला सेवकराम देवाले माहीत असन. घरचा नाही. असाच मेलो तं तो मले ओळखन का?"

भीती खरी होती. तिच्यावर त्यानं काढलेला उपाय मात्र अडाणी होता. तो डबल ड्युटी करू लागला. स्लॅबवर प्रार्थनेची खोली बांधायची. घरी यायचा, जेवायचा, आडवा व्हायचा. प्रार्थनेचं विचारलं की एकच उत्तर, "खोली बांधून राहिलो ना." अशी वर्षं गेली. ज्याच्यासाठी खोली, त्याच्याशी एक शब्द नाही.

खाली शकुनबाई भांडी घासताना बोलत असायची. "बापा, याले रात्री ताप होता, सायकलवरून पाडजो नको. अन् सुनेशी आज मी वाकडं बोलली, तेवढं पाहून घेजो."

"हे काय प्रार्थना हाये?" सेवकराम ओरडायचा. "राखेचे हात घेऊन?"

"त्याले चालते. तुमालेच चालत नाही."

खोली झाली. काम चोख, हे मानतो. भिंत ओळंब्यात, दार सागवानी, आतून जाड कडी. पाळकांनी फीत कापली, मटणाचं जेवण झालं. दुसऱ्या दिवशी त्यानं सुटी टाकली आणि मला सकाळीच चहाला बोलावलं. एकांतालाही साक्षीदार लागतो असा हा माणूस. मी अंगणात बसलो, तो वर गेला, कडी लावली.

चहा संपायच्या आत कडी निघाली. तो जिन्यावर येऊन उभा राहिला.

"काय झालं जी?" शकुनबाईनं विचारलं.

"राज्यकर्ते झाले, पीक झालं, ढोरं झाले. मंग काई सुचतच नाही."

"सोताचं बोला."

"सोताचं काय बोलू? अन् आमेन कोन म्हनन? बोलतो तं भिंतीले लागून आवाज वापस येते."

"सुचत नाही, हेच सांगा ना त्याले. आजपर्यंत एवढं खरं तुमी कधी बोललेच नाही."

मी म्हणालो, "जाय परत. पहिल्या पाळीत कोणाले काम येते?"

तो वळला. दारावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. आता याला कळेल, हा आत जाईल असं मला वाटलं, शकुनबाईलाही वाटलं असावं, तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

मग त्याचा चेहरा उजळला. "इश्वरभाऊ, साउंडबॉक्सवाल्याचं दुकान आज उघडं असन का गा?"

शकुनबाईनं भांडं उचललं आणि घासायला घेतलं.

आता तो रोज सकाळी वर जातो. सांगितलं तसं दार लावतो, कडी घालतो. आत माइक आहे. बाहेर कठड्यावर काळा बॉक्स, तोंड रस्त्याकडे. राज्यकर्त्यांपासून ढोरांपर्यंत सगळी गल्ली ऐकते. दूधवाला चेष्टेनं मोठ्यांदा 'आमेन' ओरडतो, आणि आत आवाज चढतो. त्याच्या डबल ड्युटीचा शेवटचा पगार त्या बॉक्सला गेला.