विमानाच्या पंखावर कणीक

करवादण्यात आमच्या ह्यांचा हात कोणी धरणार नाही. निदान झटका येईपर्यंत तरी असंच होतं. चहा पांचट, पंखा जोरात, माझा मोबाईल मोठ्याने. लग्न झाल्यापासून मी ते ऐकत आले आणि सव्याज परतही करत आले.

अर्धांगवायूचा झटका तसा सौम्यच होता. डॉक्टर म्हणाले, बोलणं सुधारलंय, उजवा हातही चालायला लागेल, फक्त वापरायला लावा. पण घरी आला तो भलताच माणूस. काहीही विचारा, "चालेल." भाजीत मीठ विसरले तरी "चालेल." वर पाणी दिलं की "थँक्यू"! स्वतःच्या बायकोला थँक्यू! शेजारची गुजराती भाभी कौतुकाने म्हणाली, "अंकल कितने शांत हो गए ना!" मी हसले, पण आतून असा संताप आला म्हणून सांगू. मला शांत पाहुणा नको होता, माझा नवरा हवा होता.

ह्यांना नाद एकच, प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडून रंगवायचा. शांती नगरच्या आमच्या दोन खोल्यांत माझ्या कपबश्यांना जागा नाही, पण शोकेसमध्ये लढाऊ विमानं ऐटीत उभी. झटक्याआधी एक अर्धवट राहिलं होतं. मातकट रंग मारून झाला होता, त्यावरचे वेडेवाकडे हिरवे पट्टे बाकी. वरून बघणाऱ्याला विमान जमिनीत मिसळल्यासारखं दिसावं म्हणून तसं रंगवतात म्हणे. एका सकाळी त्याच्याकडे बघत हे म्हणाले, "देऊन टाक कोणाला तरी. सगळीच."

म्हटलं, आता आपणच कंबर कसावी. पट्ट्यांच्या कडेला हे चिकट पुट्टीच्या वळ्या लावायचे आणि मधल्या जागेत एअरब्रशने रंग फवारायचे. पुट्टीचा डबा उघडला तर ती वाळून दगड झालेली. मग मी पोळ्यांच्या कणकेतला गोळा घेतला, कडबोळ्यांसारख्या लांब वळ्या केल्या, खोक्यावरचं चित्र बघून पंखावर चिकटवल्या आणि मशीन सुरू केलं. हे खुर्चीतून बघत होते.

थोड्या वेळाने वळ्या उचलल्या आणि मी जीभ चावली. कडेकडेने हिरवा रंग थेंब थेंब होऊन सरकला होता. पंखाला नुसत्या कांजिण्या!

"कणकेत तेल घातलंस?"

"घातलं. नेहमीच घालते की."

"अगं, तेलावर रंग बसतो का कधी! डोकं आहे की खोकं? इतकी वर्षं समोर बसून काय बघितलंस? आणि पट्टा असा सरळ? विमान आहे ते, झेब्रा नाही!"

शब्द जरा अडखळत होते, पण आवाज तोच, चढलेल्या भुवया त्याच. मी हिरव्या बोटांनी तशीच उभी, आणि डोळे वाहायलाच लागले. हे एकदम घाबरले. "अगं, रडतेस काय? निघेल ते. साबणाच्या पाण्याने पूस... नको, तू हातच लावू नकोस. कोरडं पीठ आण. मी मळतो."

परातीत त्यांचा उजवा हात डाव्याच्या मागे मागे रेंगाळत होता, पण फिरत होता. पाणी जास्त झालं, त्याचं खापरही माझ्यावरच फुटलं.

"आता गप्प का तू?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही बोला हो. अजून बोला."