चार्ज न घेतलेला माणूस

"साळवे, सही करा आणि विषय संपवा," प्लँट हेड मोहिते साहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

"साहेब, पिना मऊ आहेत."

"मऊ म्हणजे काय, लोणी आहे का? दोन पॉइंट कमी आहेत फक्त."

"ब्रेकच्या पिना आहेत साहेब. कस्टमरची लेखी परवानगी आणा, लगेच सही करतो."

चाकणच्या त्या कंपनीत मी बावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर. आम्ही दुचाकीच्या ब्रेकमधल्या पिना बनवायचो. पिन पुरेशी कडक आहे का, ते मशीनवर बघतात. हिऱ्याचं टोक पोलादावर दाबायचं, आकडा येतो. आकडा कमी आला तर पिन लवकर झिजते आणि ब्रेक ऐन वेळी दगा देतो. असा माल लाल पेटीत जातो. पेटी लोखंडी, तिला कुलूप, चावी फक्त इन्स्पेक्टरकडे. त्या चारशे पिना मी पेटीत टाकल्या, माझ्या सहीचा टॅग बांधला आणि कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला स्टोअरमध्ये बसवलं. तात्पुरतं म्हणे! बावीस वर्षांच्या माणसाला हलवताना चार्ज तरी घ्यावा ना? चार्ज म्हणजे रजिस्टर, गेज, चाव्या मोजून नव्या माणसाच्या ताब्यात द्यायच्या, दोघांनी सह्या करायच्या. प्यूनचासुद्धा चार्ज घेतात. माझा कुणी घेतला नाही. 'तुमची जागा निकमला दिलीय' एवढंच सांगितलं. त्यात मी अठ्ठावन्न पूर्ण करून कॉन्ट्रॅक्टवर. दीड महिन्यात कॉन्ट्रॅक्ट संपणार, धाकटी अजून शिकतेय, आणि एचआरकडून ब्र नाही.

दापोडीला घरी आलो की बायको, शालिनी, फ्रिजकडे बोट दाखवायची. आमच्या चर्चमध्ये नव्या वर्षाच्या उपासनेला ताटात बायबलमधल्या वचनांची कार्डं ठेवतात. प्रत्येक घरानं एक उचलायचं. ते त्या घराला देवानं वर्षभरासाठी दिलेलं वचन. शेजारच्यांना भरभराटीचं निघालं. आम्हाला धीर धरण्याचं, तेच शालिनीनं फ्रिजवर लावलेलं.

"देवाची काहीतरी योजना असेल हो," शालिनी म्हणायची.

"मग मला कळवायला काय होतं त्याला?"

पास्टर घरी आले, तेही योजनेचंच बोलले. माझं डोकं फिरायचं. रोज प्रार्थना करायचो, पण खरं सांगतो, ती प्रार्थना कमी आणि तक्रार जास्त होती. प्रभू, मी तुझं ऐकलं, खोटी सही केली नाही, आणि तू मला नटबोल्ट मोजायला बसवलंस? बरं, बसव. पण चार्ज न घेता? मी काय चोर आहे?

स्टोअरमधले काळूरामभाऊ जवळच्याच गावचे. मी पुटपुटताना त्यांनी ऐकलं.

"देवाशी भांडताय व्हय, साळवेसाहेब? भांडा. पन आदी च्या घ्या. त्यो काय लगेच उत्तर देनार न्हाई."

पाच आठवडे असेच गेले. मग एका सकाळी कस्टमरकडच्या मॅडम न कळवता दारात हजर झाल्या. दुसऱ्या एका सप्लायरच्या पिना त्यांच्या लाइनवर मऊ निघाल्या होत्या. पोलाद त्याच खेपेचं, जे आमच्याकडेही आलं होतं.

"तुमचा त्या पोलादाचा लॉट कुठाय?" मॅडमनी विचारलं.

"रिजेक्ट केला, मॅडम. लाल पेटीत आहे," मोहिते साहेब म्हणाले. आवाज जरा बसला होता.

"उघडा."

चावी निकमकडे नव्हती. मला स्टोअरमधून बोलावलं. सगळे पेटीभोवती उभे.

"साळवे, चावी कुठाय?"

माझा पाराच चढला. "मला काय विचारता साहेब? माझा चार्ज तरी घेतला होतात का?"

म्हणता म्हणताच हात खिशात गेला. घराची चावी, गाडीची चावी आणि त्याच जुडग्यात ती. पाच आठवडे रोज त्याच जुडग्यानं मी घराचं दार उघडत होतो.

पेटी उघडली. टॅग जागेवर, पिना मोजून चारशे. मॅडमनी पाच पिना मशीनवर घेतल्या. पाचही मऊ.

"बरं झालं पाठवल्या नाहीत. नाहीतर तुमचं काम आजच बंद झालं असतं."

"आमची सिस्टिमच तशी आहे, मॅडम," मोहिते साहेब म्हणाले. मी पेटीला पुन्हा कुलूप घातलं.

दुपारी कँटीनमध्ये निकम माझ्या शेजारी बसला. "काका, तुम्ही गेलात त्याच दिवशी साहेबांनी मला तो माल पाठवायला सांगितला होता. चावीच नव्हती. कुलूप तोडलं तर ऑडिटमध्ये दिसलं असतं, आणि तुमच्याकडे मागायची साहेबांना लाज वाटत होती. मग घाईघाईनं दुसऱ्या पोलादाचा नवा लॉट काढून पाठवला."

माझा घास हातातच राहिला. रीतसर चार्ज घेतला असता तर पहिली हीच चावी मी काढून दिली असती, सहीसकट. त्या पिना कुणाच्या तरी गाडीत गेल्या असत्या. ज्या अपमानावरून मी पाच आठवडे देवाचं डोकं खात होतो, त्यानंच ती पेटी बंद ठेवली होती. मला रडू आलं. भर कँटीनमध्ये.

मला परत क्वालिटीत घेतलं. कॉन्ट्रॅक्ट वाढलं, तेही तीनच महिने. म्हणजे पुन्हा तेच टांगणीला लागणं. घरी सगळं सांगितल्यावर शालिनी म्हणाली, "मी म्हणत नव्हते?" त्याचाही राग आला, पण कार्ड फ्रिजवर आहे तिथंच राहू दिलं.

धडा इतकाच, की माणूस हलवताना चाव्या मागून घ्याव्यात. आणि देव विश्वासू आहे, हे मी आता लेखी द्यायला तयार आहे. आगाऊ कळवायची सवय मात्र त्याला नाही.