दहापैकी किती?

पाहिलेल्या गोष्टीला मार्क द्यायची सवय लागली की किस्से आपोआप साचत जातात. आमचे साचले दुसरबीडला, इरफानच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात. मेंबर चार: इरफान, सुलतानपूरचा शेतकरी गजानन, ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या वैशाली मॅडम आणि बियाण्यांच्या दुकानात बसणारा मी. काम एकच. अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून सिरीयल पाहायची अन् दहापैकी मार्क द्यायचे. घरचे म्हणतात, "एवढे घोडे झाले, अन् कार्टून पाहून राह्यले!" कार्टूनचं काही नाही हो. मार्कांचंच भ्या वाटते!

*

इरफान पॉइंटमध्ये मार्क देतो. एकदा म्हणाला, "सात पॉइंट तीन."

गजानन भडकला. "पॉइंट तीन कायचे बे?"

"हिरोईनच्या केसायचे."

"अन् तिनं कापले तं?"

"तं मंग सात!"

आम्ही पोट धरून हसलो. पुढचा भाग लावला. पहिल्याच सीनमध्ये हिरोईन आरशासमोर बसली, कात्री घेतली अन् मानेपासून केस कापले. मग वळून सरळ आमच्याकडं पाहिलं.

इरफान हळूच म्हणाला, "सात."

*

वैशाली मॅडमनी एका भुताच्या अ‍ॅनिमेला तीन दिले. म्हणाल्या, "मले काहीच भीती नाही वाटली."

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या फळ्यावर लिहीत होत्या. मागून एका मुलीचा आवाज आला, "मॅडम, तीनच काऊन देल्ले?"

टेस्टचे पेपर नुकतेच वाटले होते. मॅडमनी त्या मुलीचा पेपर मागवला. अठरा मार्क होते.

"तीन कुठं दिसले तुले?"

पोरगी गोंधळली. "मी काही बोललीच नाही मॅडम."

संध्याकाळी मॅडम दुकानात आल्या, बॅग ठेवली अन् म्हणाल्या, "माझे सहा करा."

"भ्यायल्या काय मॅडम?" गजाननानं विचारलं.

"नाही बा. तीन बरे दिसत नाहीत."

*

एक गिऱ्हाईक फोनची काच बदलायला आलं. पांढरा शर्ट, साधा माणूस. एका सिरीयलवरून आमचा वाद चालला होता, सात द्यायचे का आठ. तो मध्येच बोलला, "शेवटचा भाग पाहा, मंग द्या. बहीण वापस येते, पण घरचे कोणी तिले ओळखत नाहीत. मी तं सहा देल्ले होते."

काच बसली, माणूस गेला. तेव्हा मॅडमच्या लक्षात आलं, शेवटचा भाग अजून आलाच नव्हता!

मी म्हटलं, "सिरीयलच्या मूळ पुस्तकात वाचलं असंल."

इरफाननं मान हलवली. "या सिरीयलचं पुस्तकच नाही बे."

पुढं तो भाग आला. बहीण परत आली. आईनं दार उघडलं अन् विचारलं, "कोण पाहिजे?"

आम्ही सगळ्यांनी सहा दिले. जास्त द्यायची हिंमत कोणाची होती!

*

गजानन शेतात विहिरीच्या काठावर बसून मोबाइलवर पाहतो. भर दुपारी, ऐन शेवटच्या भागात त्याची बॅटरी संपली. स्क्रीन काळी. पण बोलणं चालूच. बाई बोलून राह्यली, लेकरू रडून राह्यलं, सगळं जपानीत. अन् आवाज विहिरीतून!

आम्ही विचारलं, "मंग तू काय केलं?"

"पुरं ऐकलं. भाऊ, शेवटचाच भाग होता ना."

"काय म्हणत होती ती बाई?"

"खाली सबटायटल थोडीच होते बे?"

हसायला पाहिजे होतं. पण त्यानं चहा न पिताच कप खाली ठेवला. त्या विहिरीवर तो आता एकटा जात नाही.

*

हा किस्सा इरफानच्या घरचा. त्याच्या अम्मीला लकवा मारला. डावा हात गेला, वाचाही गेली. आधी अख्ख्या गल्लीला हाका मारणारी बाई नुसती छताकडं पाहत पडून राहायची. इरफाननं जेवण कमी केलं होतं. मग आम्ही रविवारी दुपारी त्याच्याच घरी जमायला लागलो. अम्मीला तक्क्याला टेकवून खाटेवर बसवायचं अन् सगळ्यांनी मिळून पाहायचं. भाग संपला की अम्मी उजव्या हाताची बोटं वर करायची. कधी दोन, कधी चार. एकच हात, म्हणून तिचे मार्क पाचापैकी. तिचं बोट वर झालं की इरफानचा चेहरा खुलायचा.

एका रविवारी नेट अडकलं. टीव्हीवर नुसता गोल फिरत होता अन् आम्ही चौघं त्या गोलाकडंच पाहत बसलो होतो. मॅडमनी माझं मनगट दाबलं.

अम्मी टीव्हीकडं पाहत नव्हती. ती उघड्या दाराकडं पाहत होती. दारात कोणी नव्हतं, नुसतं ऊन होतं. तिचा उजवा हात वर गेला. पाच बोटं. मग डावा हात वर गेला. पाच बोटं!

इरफान उठला अन् जागीच थांबला. "अम्मी," त्यानं विचारलं, "किसको दिये?"

अम्मीनं डाव्या हातानं ओढणी डोक्यावर नीट घेतली, अन् खाटेवर थोडी सरकून बाजूला जागा केली.