गडूतलं पाणी

आई गेली त्या दिवशी वडिलांनी गंगेचा गडू फोडला.

गडू सिंहस्थात घरात आला होता. तेव्हा तपोवनाकडे साधूंच्या राहुट्या पडल्या होत्या, आणि धुनीचा धूर खाली उतरून गोदावरीच्या पाण्यावर रेंगाळत असे. त्या दिवसांतलं मला अजूनही सगळं त्या धुरातूनच दिसतं. माणसं त्यातून चालत येत आणि त्यातच विरून जात. त्यांतलाच एक बैरागी काही दिवस आमच्या ओटीवर जेवला, आणि जाताना आईला तांब्याचा लहानसा गडू देऊन गेला. गडूचं तोंड डाख लावून बंद केलेलं होतं. “काशी का जल है, माई,” एवढंच तो म्हणाला. माणूस जाताना त्याच्या तोंडात घालायला असा गडू बहुतेक घरांत देवापाशी ठेवलेला असे. आमच्याकडे नव्हता.

वडील कोर्टात कारकून होते. शपथेवर सांगितलेलं खोटं दिवसभर ऐकून ते घरी येत. त्या संध्याकाळी त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि गडूकडे लांबूनच पाहिलं.

“रामकुंडावर भरलेला दिसतोय.”

“भरताना पाहिलंत तुम्ही?”

“मग तू काय काशीला जाऊन पाहिलंस?”

“मी त्याला जेवताना पाहिलं. पानात शीत टाकलं नाही त्याने.”

“फुकटचं कोण टाकतं, अगं?”

आई हसली. हे बोलणं पुढे कित्येक वर्षं चाललं. गवळ्याबद्दल, नव्या शेजाऱ्यांबद्दल, माझ्या शाळेतल्या बाईंबद्दल दोघांची मतं वेगळी असायची, आणि शेवटी वडील देवघराकडे मान वळवून म्हणायचे, “तुझा बैरागीही असाच भला होता.” आई म्हणायची, “होताच.” मी पुस्तकात डोकं घालून ऐकायचे. मनातून मी आईकडे असे, पण वडिलांचं बरोबर आहे असं वाटे.

दिवाळीआधी आई मागच्या दारी बसून देवांची भांडी चिंचेने घासायची. परातीतल्या पाण्याचा उजेड वर भिंतीवर हलत राहायचा. त्या उजेडाकडे बघता बघता मला झोप येई. बाकीची भांडी ती मला धुवायला द्यायची, गडू मात्र कोणाच्या हाती देत नसे. तो पुसून, पदराखाली धरून ती स्वतः आत नेऊन ठेवी.

मग ती आजारी पडली. गेली त्या दिवशी सकाळी तिने वडिलांना जवळ बोलावलं. “अहो, आता तो गडू काढा.”

वडील देवघरात गेले, मी त्यांच्या मागे गेले. त्यांनी गडू उचलला आणि ते तसेच थांबले. मग छिन्नीने तोंड उघडलं. आत पाणी नव्हतं. तळाशी पांढुरका डाग होता. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारीच नदीवरून आणलेलं रोजच्या पूजेचं पाणी होतं, त्यातलं त्यांनी पळीभर घेतलं, वर तुळशीचं पान ठेवलं आणि आईपाशी जाऊन बसले.

“घे. काशीचं आहे.”

आईने पळीकडे पाहिलं नाही. ती त्यांच्याकडेच बघत होती. पाणी घेऊन म्हणाली, “गोड आहे.” दुपारी ती गेली.

नंतर वडील ओटीवर बसून आल्यागेल्याला सांगत, “बैरागी सज्जन होता हो. डाख कच्चा राहिला असेल, पाणी आटलं.” कोणी हसलं तर त्यांना राग येई. कोर्टातल्या साक्षीदारांबद्दलही ते आता जरा सांभाळून बोलत.

पुढच्या दिवाळीला भांडी घासायला मी बसले. ओल्या हाताने गडू उचलला आणि माझे हात थांबले. भरलेलं भांडं आणि रिकामं भांडं डोळे मिटूनही कळतं. आई दर वर्षी तो उचलत होती. तो आला तेव्हापासूनच रिकामा होता की हळूहळू हलका होत गेला, हे तिला नक्की माहीत असणार. तरी ती “होताच” म्हणत राहिली. आणि त्या सकाळी वडील काय पाजताहेत तेही तिला कळलं होतं. त्यांनी असं करावं म्हणूनच तिने गडू मागितला असेल का, ते मला ठरवता येत नाही.

वडिलांना मी हे सांगितलं नाही. आपलं खोटं तिने खरं मानलं, याचा त्यांना आधार होता.

यंदा वडीलही गेले. आता दोघांचंही खोटं मला एकटीला माहीत आहे.